फुकट शाळेची किंमत

१९७३ साली बांगलादेश सरकारने देशातल्या ३६,१६५ प्राथमिक शाळा एकदम आपल्या ताब्यात घेतल्या. देशाला स्वतंत्र होऊन दोनच वर्षं झाली होती. १९७० च्या चक्रीवादळाने आणि १९७१ च्या युद्धाने सगळं मोडून पडलं होतं, तिजोरीत खडखडाट होता आणि पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडायचा होता. तरीही एवढ्या शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराची जबाबदारी सरकारने उचलली. म्हणजे शाळा होत्या, शिक्षक होते, फी नव्हती. पण त्यानंतरची बरीच वर्षं खेड्यापाड्यांतली गरीब मुलं, आणि त्यांतही मुली, शाळेबाहेरच राहिली. ज्यांची नावं पटावर चढली त्यांतलीही कितीतरी मुलं पाचवीच्या आतच गळाली.

असं का झालं? ‘आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ हे उत्तर तेव्हा ढाक्यात दिलं जायचं आणि आपल्याकडे आजही दिलं जातं. हे उत्तर चुकीचं आहे आणि त्याने नुकसानही होतं. कारण ते एकदा मान्य केलं की उपाय म्हणून फक्त प्रभातफेरी आणि भाषण उरतं.

भूमिहीन मजुराच्या घरचा हिशेब पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, म्हणून आई दुसऱ्याच्या अंगणात भात झोडायला जाऊ शकते. दहा वर्षांचा मुलगा शेळ्या राखतो, मासे धरून आणतो, सुगीत बापाबरोबर कापणीला जातो. शाळा दहाला भरते आणि दुपारी उशिरा सुटते, म्हणजे कामाचा अख्खा दिवस गेला. वर वही, पेन्सिल, बरे कपडे आणि परीक्षेचे पैसे. शाळा दोन गावं ओलांडून असेल तर मुलीला एकटी पाठवायची भीती. एवढं सगळं करून शाळेत शिक्षक आलेच नाहीत, किंवा आले आणि मागच्या रांगेतल्या पोराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, तर बापाने काय करायचं? तो मुलाला घरी ठेवतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

सरकारने फी माफ केली होती, पण खरी किंमत फीमध्ये नव्हतीच. ती मुलाच्या वेळेत होती, अंतरात होती, भीतीत होती आणि ‘शिकून पुढे काय’ या प्रश्नात होती. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बांगलादेशाने ही किंमत फेडण्याचे जवळजवळ सगळे मार्ग करून पाहिले. कधी शाळाच मुलांच्या दारात नेली, कधी धान्य दिलं, कधी रोख रक्कम दिली, कधी शाळा होडीवर चढवली. काही जमलं, काही फसलं, आणि एकदा दूरदेशीच्या सद्हेतूने हजारो मुलांचं वाटोळंही झालं. गरीब देशातल्या वंचित मुलांच्या शिक्षणाला मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सुरुवात ब्रॅकपासून करायला हवी. फझले हसन आबेद हे शेल तेल कंपनीत चितगावला वरच्या हुद्द्यावर होते. १९७० च्या वादळात लाखो माणसं वाहून गेली, तेव्हा ते मदतकार्यात उतरले. पुढे मुक्तियुद्धाच्या काळात ते लंडनला होते. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी लंडनमधला आपला फ्लॅट विकला, आणि ते पैसे घेऊन सिल्हेटकडच्या शाल्ला या पाण्याने वेढलेल्या दुर्गम मुलखात परतलेल्या निर्वासितांची घरं उभारायला सुरुवात केली. तेच १९७२ मधलं ब्रॅक. पुढे ही जगातल्या सर्वांत मोठ्या स्वयंसेवी संस्थांपैकी एक झाली.

तिच्या शाळांकडे वळण्याआधी एक आडवळण घेतो, कारण शाळांचं बीज मला तिथे दिसतं. १९८० मध्ये ब्रॅकने हगवणीने दगावणाऱ्या मुलांसाठी मोहीम काढली. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचं मिश्रण कसं करायचं, हे संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना शिकवायच्या. दहा वर्षांत त्या एक कोटीहून अधिक घरांत पोचल्या. पण खरी युक्ती पगाराच्या पद्धतीत होती. कार्यकर्ती किती घरांत गेली यावर तिचा मोबदला ठरत नसे. काही आठवड्यांनी दुसरी व्यक्ती येऊन त्यांतल्या काही आयांना विचारी, मिश्रण करून दाखवायला सांगे. आईला जेवढं आठवे, तेवढे पैसे शिकवणारीला मिळत. काय शिकवलं यापेक्षा समोरचा काय शिकला, याला मोल होतं. शिक्षणखात्यांना आजही जी गोष्ट जड जाते ती इथे गावच्या अंगणात, पेन्सिल हातात न धरलेल्या आयांच्या बाबतीत रोजच्या व्यवहारात आली होती.

याच आया ब्रॅकच्या साक्षरता वर्गांना येत. त्यांनीच विचारलं, आम्हाला शिकवता, मग आमच्या पोरांचं काय? त्यातून १९८५ साली २२ शाळा निघाल्या.

या शाळेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. भाड्याने घेतलेली बांबू-मातीची एकच खोली, वर पत्रा. खाली चटया, त्यांवर मुलं तीन बाजूंनी बसलेली. एक फळा, भिंतीवर तक्ते, सामान ठेवायला पत्र्याची पेटी. मुलं तीस ते तेहेतीस, त्याहून जास्त नाहीत. त्यांत दोनतृतीयांश मुली. वय आठ ते दहा, म्हणजे ज्यांची सरकारी शाळेत जाण्याची वेळ टळून गेली किंवा जी मध्येच गळाली तीच मुलं. शाळा रोज अडीच-तीन तासांची, पुढच्या वर्गांत थोडी जास्त. ती केव्हा भरवायची हे पालक ठरवत. सकाळी शेळ्या सोडायच्या असतील तर दुपारी; भाताची कापणी आली की वेळ पुन्हा बदलायची. सुट्ट्या कमी असल्याने वर्षाचे दिवस भरपूर मिळत, त्यामुळे रोजचे तास थोडे असूनही अभ्यास मागे पडत नसे. पुस्तकं आणि पाट्या संस्थेच्या. गृहपाठ फारसा नाही, कारण घरी तो करून घेणारं कोणी नव्हतं. गाणी आणि नाच हे शाळेच्या वेळापत्रकातच होते. सुरुवातीला तीन वर्षांत तिसरीपर्यंतचा अभ्यास होई. नंतर चार वर्षांत पाचवीपर्यंतचा सगळा अभ्यासक्रम पुरा करायची पद्धत बसली. एक तुकडी संपली की त्या खोलीतली शाळा बंद व्हायची आणि जिथे नवी तीस मुलं शाळेबाहेर असतील तिथे दुसरी उघडायची.

आणि शिकवणारी? ती त्याच गावची, बहुधा लग्न झालेली, नववी-दहावी शिकलेली बाई. मुलं तिला ‘आपा’ म्हणत. जवळजवळ सगळ्या शाळांत बाईच शिक्षिका होती. पुरुष कामासाठी शहराकडे निघून जातो, नव्या नोकरीच्या शोधात राहतो. गावात संसार असलेली सून मात्र चार वर्षं तिथेच राहते. तिला सुरुवातीला दोन आठवड्यांच्या आसपास प्रशिक्षण मिळे, मग दर महिन्याला एक दिवस उजळणी. आठवड्यातून एक-दोनदा संस्थेचा पर्यवेक्षक सायकलवरून किंवा मोटरसायकलवरून येऊन वर्ग पाहून जाई. मुलगी दोन दिवस आली नाही तर आपा तिच्या घरी जाऊन चौकशी करी, कारण घर चार पावलांवर होतं. मुलगी शाळेत कोणाच्या भरवशावर जाते, हा प्रश्नच उरत नसे. आपा म्हणजे शेजारची भाभी.

इथे मराठी वाचकाला जोतीराव फुल्यांची आठवण यायला हवी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, असा आग्रह धरला होता. जो शिक्षक लोकांत मिसळतो, त्यांच्या गरजा ओळखतो, तोच त्यांच्या मुलांना शिकवू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बाराव्या वर्षापर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशीही मागणी त्यांनी त्यात केली होती. आबेद यांनी फुले वाचले होते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. शंभर वर्षांच्या अंतराने दोन माणसं एकाच ठिकाणी पोचली, कारण दोघांनीही शाळेकडे बाहेर राहिलेल्या मुलाच्या बाजूने पाहिलं.

पण या व्यवस्थेचं वर्णन करताना एक गोष्ट दडवू नये. ती स्वस्त होती, आणि स्वस्त असण्याचं मोठं कारण म्हणजे आपाचं मानधन सरकारी शिक्षकाच्या पगारापेक्षा कितीतरी कमी होतं. गावात शिकलेल्या विवाहित बाईला दुसरं काम मिळत नव्हतं, म्हणून ती तेवढ्यावर तयार झाली. तिला मान मिळाला, घराबाहेरचं पहिलं काम मिळालं, हे खरं आहे. तरीही मुलांच्या शिक्षणाचा भार एका गरीब बाईच्या नाइलाजावर उभा होता. आपल्याकडच्या मानधनावरच्या शिक्षिकांना आणि अंगणवाडी सेविकांना हे वेगळं सांगायला नको.

विरोधही झाला. १९९३-९४ च्या सुमाराला कट्टरपंथीयांनी ब्रॅकच्या अनेक शाळांना आगी लावल्या. मुली शिकतात, बाया बाहेर पडतात, हाच राग होता. तरी शाळा वाढतच गेल्या. भरात असताना त्यांची संख्या तीस हजारांवर होती आणि त्यांत एका वेळी दहा लाखांच्या आसपास मुलं शिकत होती. संस्थेच्या नोंदीप्रमाणे आजवर लाखो मुलांनी या शाळांतून प्राथमिक शिक्षण पुरं केलं. २००९ पासून पाचवीची राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली, तेव्हा ही मुलं सरकारी शाळांतल्या मुलांच्या तोडीस तोड, बऱ्याचदा सरस ठरली. पुढे परदेशी देणग्यांचा ओघ आटला, तेव्हा शाळांची संख्या उतरली आणि काही ठिकाणी संस्थेला फी घेणाऱ्या शाळा काढाव्या लागल्या. दुसऱ्याच्या पैशावर चाललेल्या शाळेचं आयुष्य त्याच्या मर्जीइतकंच असतं, हेही या गोष्टीतलं एक सत्य आहे.

आता सरकारकडे येऊ. १९९० मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा कायदा झाला आणि १९९३ पर्यंत तो देशभर लागू झाला. त्याच वर्षी ‘शिक्षणासाठी अन्न’ ही योजना निघाली. भूमिहीन, मजूर किंवा बाईच्या कमाईवर चालणाऱ्या घरातलं मूल शाळेत असेल आणि त्याची हजेरी ८५ टक्के असेल, तर त्या घराला महिन्याला १५ किलो गहू मिळत. एकाहून जास्त मुलं शाळेत असतील तर २० किलो. शेळ्या राखणाऱ्या पोराच्या कमाईची भरपाई म्हणून हा हिशेब सरळ होता, आणि मुलं खरोखर शाळेत आली. पण धान्यवाटपात गळती होती, आणि मुलं वाढली तसे शिक्षक वाढले नाहीत. एकेका खोलीत मुलं कोंबली गेली. २००२ मध्ये गहू थांबवून रोख रक्कम सुरू झाली: एका मुलामागे महिन्याला १०० टका (टका हे तिथलं चलन), जास्त मुलांना १२५. ही रक्कम पुढे कितीतरी वर्षं तेवढीच राहिली आणि महागाईने तिचा जीव काढून घेतला. महाराष्ट्रात १९९२ पासून गरीब घरच्या, मागास समाजांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना सुरू झाली. त्या रुपयाचंही असंच झालं. मदतीची रक्कम गोठवून ठेवणं म्हणजे ती हळूहळू बंद करणंच आहे, फक्त त्याची बातमी होत नाही.

मुलींच्या माध्यमिक शिष्यवृत्तीची गोष्ट मात्र वेगळी आणि उजळ आहे. १९८२ मध्ये चांदपूरकडच्या शाहरास्ती या एका उपजिल्ह्यात, म्हणजे आपल्या तालुक्याएवढ्या भागात, तिचा प्रयोग झाला. जानेवारी १९९४ पासून ती देशाच्या सगळ्या ग्रामीण भागात लागू झाली. सहावीतल्या मुलीला महिन्याला २५ टका. नववी-दहावीत ६० टका. फी माफ, आणि त्या फीचे पैसे सरकार थेट शाळेला देणार. अटी तीन: हजेरी ७५ टक्के, परीक्षेत निदान ४५ टक्के गुण, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न नाही. पैसे बँकेत, मुलीच्या स्वतःच्या नावावर.

२५ टका तेव्हाही क्षुल्लक होते, अर्ध्या डॉलरच्या जरा वर. तरी १९९१ मध्ये माध्यमिक शाळांत ११ लाख मुली होत्या, त्या २००५ पर्यंत ३९ लाख झाल्या. नव्वदचं दशक संपेपर्यंत माध्यमिक शाळेत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली. एवढ्या थोड्या पैशात हे कसं झालं? माझ्या मते पैशाच्या आकड्यापेक्षा तो कसा दिला गेला याला महत्त्व होतं. शाळेला प्रत्येक मुलीमागे उत्पन्न मिळू लागलं, तेव्हा मुख्याध्यापक स्वतः मुली शोधायला निघाले. तेरा वर्षांच्या मुलीसाठी स्थळ घेऊन येणाऱ्या नातेवाइकाला सांगायला बापाकडे एक कारण आलं: आत्ता लग्न केलं तर सरकारी पैसे बंद होतील. आणि बारा वर्षांची मुलगी बँकेत जाऊन आपल्या नावाच्या पासबुकावर सही करू लागली. आजीच्या पिढीत अंगठाच उमटायचा.

योजनेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती सगळ्याच ग्रामीण मुलींना होती, त्यामुळे बऱ्या स्थितीतल्या घरांनाही तिचा लाभ झाला, आणि अगदी तळाच्या घरची मुलगी पाचवीपर्यंतच पोचत नसल्याने तिच्या हाती काहीच आलं नाही. गरीब मुलगे मागे राहिले. त्यांना नंतर शिष्यवृत्तीत घ्यावं लागलं. बालविवाहही या अटीने संपले नाहीत. विशीत आलेल्या बांगलादेशी तरुणींपैकी निम्म्याच्या आसपास मुलींची लग्नं आजही अठराच्या आत झालेली असतात.

शिवाय सगळं श्रेय शिष्यवृत्तीला देता येत नाही. त्याच काळात ढाका आणि आसपास कपड्यांचे कारखाने उभे राहत होते, आणि त्यांत लाखो तरुण बाया कामाला लागत होत्या. रेचल हीथ आणि मुश्फिक मुबारक या अर्थतज्ज्ञांनी ढाक्याजवळच्या साठ गावांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गावांतून अशा कारखान्यांत रोज जाता-येता येत होतं, तिथल्या मुली जास्त शिकल्या आणि त्यांची लग्नंही उशिरा झाली, असं त्यांना आढळलं. कारखान्यात थोडं वाचता येणाऱ्या, हिशेब कळणाऱ्या मुलीला बरी जागा मिळते, हे आईबापांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘शिकून पुढे काय’ या प्रश्नाला पहिल्यांदाच दिसेल असं उत्तर मिळालं होतं.

याच कारखान्यांनी या गोष्टीतलं सर्वांत काळं प्रकरणही दिलं. नव्वदच्या सुरुवातीला त्यांत हजारो लहान मुलं कामाला होती. धागे कापायची, गठ्ठे उचलायची. अमेरिकेचे सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेला माल देशात येऊ देऊ नये, असं विधेयक मांडलं. १९९३ मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. ते कधीच मंजूर झालं नाही. पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कारखानदारांनी मुलांना काढून टाकायला सुरुवात केली. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे ५० हजारांच्या आसपास मुलं, बहुतेक मुली, रस्त्यावर आली. त्या शाळेत गेल्या का? युनिसेफच्या लोकांनी त्यांतल्या काहींचा माग काढला, तेव्हा त्या दगड फोडताना, रस्त्यावर किरकोळ वस्तू विकताना आणि काही वेश्याव्यवसायात सापडल्या. कारखान्यातल्या कामापेक्षा हे सगळं जास्त धोक्याचं आणि कमी पैशांचं होतं.

त्यांची मजुरी घरच्या चुलीला लागत होती. ती काढून घेणाऱ्याने तिच्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. अमेरिकेतल्या ग्राहकाचं मन हलकं झालं आणि ढाक्यातली मुलगी आणखी खोल बुडाली. शेवटी ४ जुलै १९९५ रोजी कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला नव्याने कामावर घ्यायचं नाही. मात्र आधीच कामावर असलेल्याला शाळेत जागा मिळाल्याशिवाय काढायचंही नाही. कारखान्यातून शाळेत आलेल्या मुलाला महिन्याला ३०० टका द्यायचे. ब्रॅक आणि दुसऱ्या संस्थांनी या मुलांसाठी शाळा काढल्या आणि आठ हजारांच्या आसपास मुलं त्यांत शिकली. ३०० टका त्यांच्या पगाराहून कमीच होते, आणि करार होईपर्यंत कितीतरी मुलं कुठल्या कुठे नाहीशी झाली होती. पण क्रम बरोबर होता: आधी शाळा आणि पैसे, मग कामावरून काढणं. हाच क्रम दोन वर्षं आधी पाळला असता तर हजारो मुली वाचल्या असत्या. आपल्याकडेही वीटभट्टीवरून किंवा हॉटेलातून मुलाची ‘सुटका’ होते, फोटो येतो आणि बातमी संपते. दुसऱ्या दिवशी त्या घरात काय शिजलं, हे कोणी विचारत नाही.

पाण्याची अडचण वेगळीच. उत्तर बांगलादेशात नाटोरकडे चलन बिल नावाचा विस्तीर्ण पाणथळ मुलूख आहे. पावसाळ्यात गावांची बेटं होतात आणि शाळा महिनोन्‌महिने बंद राहतात. त्याच भागात वाढलेले वास्तुरचनाकार मोहम्मद रेझवान यांनी १९९८ मध्ये शिधुलाई स्वनिर्भर संस्था काढली आणि २००२ मध्ये पहिली शाळेची होडी पाण्यात सोडली. होडी घाटाघाटावरून मुलांना उचलते, मग एका जागी नांगर टाकून वर्ग भरतो, आणि तो संपला की मुलांना घराच्या घाटावर सोडून होडी पुढच्या तुकडीकडे जाते. बांगलादेशी होडीचाच सपाट तळ, वर छप्पर आणि त्यावर सौरपट्ट्या. एका वेळी तीसेक मुलं. शाळा आणि तिची बस एकच. ब्रॅकनेही पुढे हाओर म्हणजे पाणथळ सखल भागात अशा होड्या चालवल्या.

एवढं सगळं झाल्यावर बांगलादेशातली बहुतेक सगळी मुलं आज पहिलीत दाखल होतात, आणि मुली मुलांच्या मागे नाहीत. १९८० च्या आसपास ज्या देशात प्रौढांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक निरक्षर होते त्याने हे एका पिढीत केलं. २०१० पासून दर १ जानेवारीला सगळ्या मुलांना नवी कोरी पुस्तकं फुकट देण्याचा मोठा उत्सव होऊ लागला. हे यश मोठं आहे.

पण वर्गात बसलेलं मूल वाचतं का? करोनाच्या आधीच, जागतिक बँकेच्या मोजणीप्रमाणे, दहा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना साधा मजकूर समजून वाचता येत नव्हता. मग करोनात शाळा १७ मार्च २०२० पासून ११ सप्टेंबर २०२१ पर्यंत बंद राहिल्या, जवळजवळ दीड वर्ष. दरम्यान शिकवणीचं पीक आलं. युनेस्कोच्या अहवालाप्रमाणे बांगलादेशात शिक्षणावरच्या एकूण खर्चातला सुमारे ७१ टक्के भार पालकांच्या खिशातून जातो. सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे फी माफ झालेल्या शाळेची किंमत पालक आता शिकवणीच्या रूपाने भरत आहेत, आणि ज्याला ती परवडत नाही त्याचं मूल वर्गात बसूनही मागे राहतं.

मीठ-गुळाच्या मोहिमेत शिकणाऱ्याला काय आलं ते मोजण्याची जी शिस्त होती, ती मोठ्या सरकारी व्यवस्थेत उतरली नाही. गव्हाला हजेरी पुरे होती. जे मोजलं ते मिळालं. हे दुखणं आपलंही आहे, आणि त्यावरचा एक उपाय मुंबईत सापडला, हे मराठी माणसाने लक्षात ठेवायला हवं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने, इयत्ता विसरून, मुलाला प्रत्यक्षात काय येतं त्यावर गट पाडायचे आणि तिथून शिकवायचं, अशी पद्धत बसवली. शिकवायला वस्तीतलीच शिकलेली मुलगी, तिचं नाव ‘बालसखी’. मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची काटेकोर तपासणी झाली आणि मागे पडलेली मुलं पुढे सरकताना दिसली. आज झांबियासारख्या आफ्रिकी देशाचं सरकार आपल्या शाळांत हीच पद्धत वापरतं. बालसखी आणि आपा यांच्यात फार फरक नाही.

आता वाचकांशी थोडं. जून उजाडला की आपल्यातले कितीतरी लोक वह्या, दप्तरं, गणवेश वाटायला निघतात. परदेशात असलेली मराठी मंडळं गावच्या शाळेला संगणक पाठवतात. मनापासून दिलेलं असतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण पुढच्या वेळी पैसे देण्याआधी त्या संस्थेला किंवा शाळेला विचारा: इथली कोणती मुलं अजून येत नाहीत, आणि त्यांच्या घरी ती येण्याने कशाचं नुकसान होतं? ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलाला दप्तराची अडचण नसते. गावात त्याला सहा महिने सांभाळणारं कोणी नसतं, ही त्याची अडचण असते. मुलगी सातवीनंतर थांबली असेल तर एसटी, सायकल किंवा संडास यांतलं काय कमी आहे ते बघा. वाटलेल्या वस्तूंची यादी मागू नका, वर्षअखेरीस किती मुलं वाचू लागली ते विचारा. आणि शक्य असेल तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा एका शिक्षिकेचं निदान चार वर्षांचं मानधन उचला, तेही तिला मान राखून जगता येईल एवढं. एका तुकडीला पाचवी पार करायला तेवढाच वेळ लागतो.